ग्रामीण स्वयंसेवी अग्निशमन दल साहाय्य योजना (टेक्सास)

अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील ग्रामीण स्वयंसेवी अग्निशमन दलांना बंब, संरक्षक पोशाख, होस (पाण्याच्या नळ्या), पंप आणि प्रशिक्षण यांसाठी राज्य शासनाकडून अनुदान देणारी योजना. २००१ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने ती संमत केली आणि मूळ विधेयकाच्या क्रमांकावरून ती ‘एचबी (हाउस बिल) २६०४’ या नावानेही ओळखली जाते. योजनेचा कारभार टेक्सास ए अँड एम फॉरेस्ट सर्व्हिस ही राज्याची वनसंस्था पाहते.

टेक्सासच्या ग्रामीण भागात आग विझवायला धावून जाणारी माणसे बहुधा बिनपगारी असतात. शेती, पशुपालन, दुकानदारी किंवा नोकरी सांभाळून ती हे काम करतात. दलाचा खर्च वर्गणी, निधीसाठी आयोजित केलेली सार्वजनिक भोजने आणि काउंटीकडून (राज्यातील जिल्ह्यासारख्या प्रशासकीय विभागाकडून) मिळणारी बेताची रक्कम यांतून भागवला जातो. मतदारांनी कौल दिल्यास आपत्कालीन सेवा जिल्हा (या सेवांसाठी कर लावू शकणारा स्थानिक विभाग) स्थापन करून मालमत्तेच्या दर १०० डॉलर मूल्यावर १० सेंटपर्यंत कर बसवता येतो; परंतु जिथे वस्ती विरळ आणि मालमत्तेचे मूल्य कमी, तिथे या करातून नव्या बंबाची किंमत उभी राहणे अवघडच असते.

योजनेचा पैसा मालमत्ता विमा कंपन्यांवरील आकारणीतून येतो. आग लवकर आटोक्यात आली तर नुकसानभरपाईचा बोजा घटतो, हा यामागचा विचार. मात्र कंपन्यांना ही रक्कम विमाधारकांकडून वसूल करण्याची मुभा असल्याने भार अखेर विमाधारकांवरच पडू शकतो. आकारणीची खरी मेख तिच्या मर्यादेत आहे. कायद्याने ठरवलेली वार्षिक कमाल रक्कम किंवा विधिमंडळाने मंजूर केलेली तरतूद, यांपैकी जी रक्कम कमी असेल तेवढीच वसुली करता येते. त्यामुळे विमा कंपन्यांचा स्वतंत्र स्रोत असूनही दलांच्या हाती किती पैसा पडणार, हे अर्थसंकल्पाच्या राजकारणावरच ठरते. २०११ च्या अधिवेशनात महसुली तुटीचे कारण देऊन ही तरतूद निम्म्याहून अधिक कापण्यात आली. नवे आर्थिक वर्ष १ सप्टेंबरला सुरू झाले आणि ४ सप्टेंबरला बॅस्ट्रॉप काउंटीत पेटलेल्या वणव्यात १,६०० हून अधिक घरे भस्मसात झाली. ती आग तीव्र दुष्काळ आणि वाऱ्यामुळे भडकली होती. कपातीचा तिच्याशी कार्यकारणसंबंध जोडता येत नाही. तरी तरतूद ठरवताना धोक्याचा अंदाज किती घेतला जातो, हा प्रश्न त्या योगायोगाने ठळक केला.

दलाने अर्ज केल्यावर तो प्रतीक्षायादीत जातो आणि निधीच्या उपलब्धतेनुसार मंजूर होतो. खर्चाचा मोठा हिस्सा राज्य उचलते, उरलेला दलाने घालायचा असतो. सर्वसाधारणपणे खरेदी आधी करावी लागते आणि प्रतिपूर्ती नंतर मिळते. गंगाजळी असलेल्या दलाला हे जमते; ज्याच्याकडे ती नाही, त्याला मंजुरी मिळूनही कर्ज काढावे लागू शकते. म्हणजे ज्याला मदतीची सर्वाधिक गरज, त्यालाच ती घेणे सर्वांत कठीण, हा या पद्धतीतला मोठा दोष होय.

साहित्याइतकेच प्रशिक्षणही महत्त्वाचे, याची जाणीव वेस्ट या गावातील दुर्घटनेने करून दिली. १७ एप्रिल २०१३ रोजी तेथील खत साठवणुकीच्या केंद्राला आग लागून अमोनियम नायट्रेटचा स्फोट झाला आणि १५ जण मृत्युमुखी पडले. त्यांतील बहुतेक जण आग विझवण्यासाठी वा मदतीसाठी धावून गेलेले होते. या रसायनाच्या आगीशी कसे वागावे, याचे पुरेसे शिक्षण तेथील दलाला नव्हते, असे संघराज्याच्या रासायनिक सुरक्षा मंडळाच्या चौकशीत दिसून आले.

फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याच्या उत्तरेकडील पॅनहँडल भागात स्मोकहाउस क्रीक वणवा पेटला. दहा लाख एकरांहून अधिक क्षेत्र जाळणारा हा वणवा राज्याच्या नोंदींतील सर्वांत मोठा ठरला, आणि त्याच्याशी झुंजणाऱ्यांत अनेक स्वयंसेवी दले होती. त्यानंतर राज्याच्या प्रतिनिधिगृहाने नेमलेल्या चौकशी समितीने प्रतीक्षायादीत तुंबलेल्या अर्जांकडे लक्ष वेधून योजनेचा निधी वाढवण्याची शिफारस केली.

या योजनेच्या जोडीला संघराज्याची निम्म्या खर्चाची अनुदानेही आहेत. याखेरीज फॉरेस्ट सर्व्हिसच्या ‘हेल्पिंग हँड्स’ उपक्रमातून उद्योगांची आणि शहरी दलांची वापरलेली साधने ग्रामीण दलांना मिळतात. देणाऱ्यावर पुढे कायदेशीर जबाबदारी येऊ नये म्हणून १९९७ च्या राज्य कायद्याने त्याला संरक्षण दिले आहे.