घुसळायला यंत्र आहे, पिळायला कोण?

एक किलो कोरडे सुती कपडे पाण्यात बुडवून नुसते उचलले, तर त्यांच्याबरोबर अडीच-तीन लिटर पाणी वर येतं. दोन्ही हातांनी घट्ट पिळले तरी साधारण लिटरभर आत राहतंच. विजेवरच्या मशीनचा ड्रायर फिरून थांबला की अर्धा-पाऊण लिटर उरतं. विजेशिवाय चालणारं, हाताने दाबायचं किंवा फिरवायचं धुण्याचं यंत्र घेताना या तीन आकड्यांकडे कुणी बघत नाही. जाहिरातीत फेस दिसतो आणि पाच मिनिटांत काळं झालेलं पाणी दिसतं. ते खोटं नसतं, मळ खरोखरच सुटतो. पण सुटलेला मळ आणि त्याच्यासोबतचा साबण कपड्याबाहेर काढायचा तर पिळावं लागतं, पाणी बदलावं लागतं. ही यंत्रं नेमकी तिथेच लंगडी पडतात.

यंत्रांची घराणी तीन-चारच. पहिलं दांड्याचं. लांब दांड्याच्या टोकाला उलटी वाटी किंवा घंटेसारखं भोकाभोकांचं तोंड, ते बादलीत वरखाली करायचं. ताकाच्या रवीची ही बहीणच, फक्त गोल फिरत नाही. दुसरं पिंपाचं: झाकणबंद प्लॅस्टिकचं पिंप स्टँडवर आडव्या आसाभोवती हँडलने फिरवायचं. तिसरं पायाने चालवायचं. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातल्या रेम्या जोस यांनी शाळेत असतानाच सायकलचं पेडल जोडून असं यंत्र बनवलं होतं, आणि राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने त्यांचा गौरव केला. ब्रिटनमधले अभियंते नवजोत साहनी यांच्या हाताने फिरवायच्या यंत्राचं नाव ‘दिव्या’. तमिळनाडूत ते राहत होते तेव्हाच्या शेजारणीचं हे नाव. चौथी असते प्रवासी पिशवी: आतून खडबडीत, तोंड गुंडाळून बंद करायची आणि वरून चोळायची. दोन शर्ट आणि मोजे यांच्यापलीकडे तिच्याकडून अपेक्षा ठेवू नये.

या सगळ्यांचं काम एकच, पाणी कापडाच्या *आरपार* नेणं. सुती कापडाचा एक धागा म्हणजे शेकडो तंतूंचा पीळ. दोन धाग्यांमधल्या फटींतून पाणी सहज वाहतं. धाग्याच्या पोटात मात्र ते जवळजवळ उभंच असतं, आणि धुळीचे बारीक कण तिथेच अडकून बसतात. एक मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा कण स्थिर पाण्यात नुसत्या विसरणाने, म्हणजे आपसूक भरकटत, केसाच्या जाडीइतकं अंतर काटायला काही तास घेतो. म्हणून नुसतं भिजत घालून भागत नाही. धोपाटण्याने बडवलं की ओलं कापड दबतं, आतलं पाणी फटकन बाहेर पडतं. धोपाटणं उचललं की ताजं पाणी आत शिरतं. दगडावर आपटण्यामागेही तेच. दांड्याच्या यंत्रात खाली जाताना पाणी ढकललं जातं, वर येताना ओढलं जातं. दगड जे एकदा जोराने करतो ते ही वाटी शंभरदा हळू करते, आणि बटणं शाबूत राहतात.

पिंपाची गोष्ट वेगळी. तिथे कपडे वर जाऊन पाण्यात पडले पाहिजेत, म्हणजे हँडल किती वेगाने फिरवता यावर सगळं आलं. ३० सेंटिमीटर व्यासाच्या पिंपात मिनिटाला सुमारे ७७ फेऱ्यांच्या वर गेलात तर कपडे भिंतीला चिकटून पिंपाबरोबरच गोल फिरतात, पडत नाहीत आणि धुतलेही जात नाहीत. ४० सेंटिमीटरच्या पिंपाला ही मर्यादा ६७ च्या आसपास येते. नवीन यंत्र आलं की घरातली पोरं ते भरभर फिरवतात, दमतात आणि कपडे मळके निघतात, याचं कारण हेच. मिनिटाला ४५ ते ५० फेऱ्या पुरे. आतून ‘धप्प, धप्प’ असा आवाज येत राहिला की वेग बरोबर समजायचा. आवाज बंद झाला तर वेग जास्त झालाय किंवा पिंप ठासून भरलंय. दर दहा-पंधरा फेऱ्यांनी दिशा उलटी करायची, नाहीतर परकराच्या नाड्या, बाह्या आणि ओढण्या मिळून असा दोरखंड वळतो की सोडवता सोडवता धुणं परवडलं असं वाटावं.

काही बंद पिंपांच्या जाहिरातीत ‘गरम पाण्याच्या दाबाने साबण कापडात घुसतो’ असं म्हणतात. यावर विश्वास ठेवू नये. ३० अंशांची हवा ४५ अंश झाली तर तिचा दाब आणि पाण्याच्या वाफेचा दाब धरून एकूण वाढ दहा टक्क्यांच्या आसपास होते, आणि ती कापडाच्या दोन्ही बाजूंना सारखीच असते. दोन्हीकडून सारखं दाबलं तर पाणी आरपार जाईल कशाला? साफसफाई होते ती पडण्या-आपटण्याने. त्या दाबाचा खरा परिणाम एवढाच, की वायसर झिजलेला असेल तर झाकणाच्या कडेने साबणाचं पाणी अंगावर उडतं. झाकण उघडण्याआधी हवा सोडायची तोटी सैल करावी, आणि कढत पाणी घालूच नये.

घरच्या घरी करायचं तर दांड्याचंच करावं. डिस्टेंपरची २० लिटरची झाकणवाली बादली स्वच्छ घासून घ्यायची. तुंबलेला पाइप मोकळा करायचा रबरी पंप आणायचा, अर्थातच कोरा. त्याच्या वाटीला मध्यावर, सारख्या अंतराने, एकेक सेंटिमीटरची चार भोकं ड्रिलने पाडायची. भोकं नसली तर वाटी कापडाला जळूसारखी धरते: वर ओढताना कापड ताणतं, कमरेला हिसका बसतो आणि चार दिवसांत दांडा आट्यांतून निघून येतो. झाकणाला मध्यभागी दांड्यापेक्षा दोन-तीन मिलिमीटर मोठं भोक पाडलं की पाणी उडत नाही आणि दांडाही सरळ चालतो. बादली जमिनीवर न ठेवता वीतभर उंच पाटावर किंवा विटांच्या ओट्यावर ठेवावी. वाकून घुसळण्याने जी पाठ धरते, ती यातच सुटते.

अशा बादलीत ८ लिटर पाणी आणि किलोभर कोरडे कपडे, म्हणजे दोन शर्ट, एक सुती पँट आणि एक पातळ पंचा. जीन्स एकटीच ६००-७०० ग्रॅम भरते. तिच्यासोबत फार तर एखादा टी-शर्ट. पावडर १५ ग्रॅम, म्हणजे मोठा चमचा सपाट दीड. ती आधी मगभर कोमट पाण्यात पूर्ण विरघळवायची, नाहीतर गडद कपड्यांवर पांढरे ठिपके राहतात. अर्धा तास भिजत ठेवायचं. पावडरीतली विकरं (एन्झाइम) अन्नाचे आणि घामाचे डाग तोडतात, पण त्यांना तेवढा वेळ लागतो. रात्रभर ठेवण्यात फायदा काही नाही, उलट सुटलेला मळ पुन्हा कापडावर बसायला लागतो. मग मिनिटाला ४०-५० या लयीत दोन मिनिटं घुसळायचं, वरचे कपडे खाली करायचे आणि पुन्हा दोन मिनिटं. वाटी पाण्याच्या वर येऊ द्यायची नाही. आली की हवा आत ओढली जाते आणि नुसता फेस होतो.

फेस या यंत्रांचा शत्रूच. हातधुण्याच्या पावडरी मुद्दाम जास्त फेस देणाऱ्या बनवतात, कारण फेस नाही तर साबणात दम नाही अशी आपली समजूत. पिंपात तोच फेस गादीसारखा होतो आणि कपडे त्यावर अलगद पडतात. पिंपाला पुढून दार असलेल्या मशीनचं कमी फेसाचं द्रावण घालावं. किलोभर कपड्यांना १० मिलिलिटर भरपूर झालं. कॉलर आणि बाह्यांच्या कडा आधीच ब्रशने घासून घ्याव्यात. त्या तेलकट काळ्या रेघेला नुसत्या घुसळण्याने काही होत नाही. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, त्याने घाबरायचं कारण नाही. अल्कलीत हळदीचा रंग तसाच बदलतो, धुतल्यावर परत पिवळा होतो, आणि कडक उन्हात एक-दोन दिवसांत उडतो.

आता पिळण्याचा हिशोब. धुऊन झाल्यावर किलोभर कपडे नीट पिळले, आत एक लिटर साबणपाणी उरलं. त्यावर ९ लिटर स्वच्छ पाणी एकदम ओतलं तर साबण दहाव्या हिश्शावर येतो. तेच ९ लिटर तीन-तीन लिटरचे तीन भाग करून, दर वेळी पिळून वापरलं तर प्रत्येक पाण्यात तो चौथाई होतो आणि शेवटी चौसष्टावा हिस्सा उरतो. पाणी तेवढंच, फरक सहापटीहून जास्त. आणि न पिळता, नुसते निथळून तीनदा काढले तर? आत तीन लिटर राहतं, दर वेळी साबण निम्माच होतो आणि शेवटी आठवा हिस्सा उरतो. पिळण्याचा कंटाळा केला की नऊ लिटर पाणी खर्चून निदान आठपट साबण अंगाला लागतो. थोडा साबण तंतूंना धरून राहतो, त्यामुळे प्रत्यक्षात आकडे इतके नेमके येत नाहीत, पण फरक याच घरातला असतो.

स्वच्छ पाण्यातून काढण्याचा आणखी एक फायदा २०१८ मध्ये पुढे आला. संगवू शिन, पॅट्रिक वॉरेन आणि हॉवर्ड स्टोन या संशोधकांनी दाखवलं, की साबणाने भिजलेला धागा स्वच्छ पाण्यात गेला की आत साबण जास्त आणि बाहेर कमी असा उतार तयार होतो, आणि त्या उतारामुळे धाग्याच्या पोटातले कण बाहेर खेचले जातात. म्हणजे जिथे प्रवाह पोचत नाही तिथला मळ निघतो तो बराचसा साबणाच्या पाण्यात नव्हे, त्यानंतरच्या स्वच्छ पाण्यात. पाणी जितकं स्वच्छ तितका उतार तीव्र. म्हणून पहिल्या कपड्यांच्या गढूळ पाण्यातून दुसरे ‘काढणं’ ही बचत फसवी. ते पाणी पायपुसण्यांना वापरावं.

मग पिळायचं कशाने? चादर नळाला अडकवून पीळ देण्याची पद्धत घरोघरी आहे, आणि घरोघरी पीव्हीसीचा एल्बो त्यानेच तडकतो. भिंतीत पक्का हुक ठोकून घ्यावा. दुसरा उपाय दोन बादल्यांचा: आतलीच्या तळाला आणि बुडाशी भोकं, तिच्यात कपडे, वर पाट ठेवून त्यावर बसायचं. ६० किलोचं माणूस २६ सेंटिमीटर व्यासाच्या बादलीवर बसलं तर दाब पडतो वातावरणाच्या जेमतेम एक-दशांश. नाजूक कपड्यांना चांगला, चादरीला अपुरा. दोन रबरी रुळांचं पिळण्याचं यंत्र याहून फार पुढे, कारण तिथे तीस किलोचं बळसुद्धा बोटभर रुंद पट्टीवर एकवटतं आणि दाब दहापट होतो. कापडाची सारख्या जाडीची घडी करायची, बटणं आत, चेन सपाट, आणि हळू सरकवायची. इलॅस्टिकचे कपडे त्यात घालू नयेत. काम झालं की स्प्रिंगचा स्क्रू सैल करावा. रूळ दाबलेलेच राहिले तर रबराला सपाट खड्डे पडतात आणि पुढच्या वेळी तिथून पाणी निसटतं. लहान मुलांची बोटं या रुळांपासून लांब.

हाताने किंवा पायाने फिरवायची जाळीची ‘ड्रायर’ टोपली मात्र फसवते. विजेचा ड्रायर मिनिटाला ८०० फेऱ्यांवर कपड्यांना त्यांच्या वजनाच्या दीडशेपट बळाने बाहेर ढकलतो. पंधरा सेंटिमीटर त्रिज्येची टोपली २०० फेऱ्यांवर सातपटही गाठत नाही. निथळणं थांबतं, एवढंच.

मराठवाडा-विदर्भात बोअरचं पाणी अनेक ठिकाणी जड असतं. अशा पाण्यात वडीच्या साबणाचा चुन्याशी संयोग होऊन चिकट साका होतो, तो कापडाला राखाडी करतो आणि कितीही पाण्यांतून काढलं तरी जात नाही. लिटरला ३०० मिलिग्रॅम जडपणा असेल तर १० लिटरला धुण्याचा खड्यांचा सोडा ९ ग्रॅम, म्हणजे दोन छोटे चमचे. सुकी, बारीक पावडर असलेला सोडा असेल तर ४ ग्रॅम पुरे. तो साबणाच्या आधी घालायचा आणि दहा मिनिटं थांबायचं. रेशमाला आणि लोकरीला सोडा चालत नाही, अल्कलीने ते धागे खलास होतात. त्यांना रिठ्याचं पाणी, आणि घुसळणं नाही, नुसतं दाबणं.

कोकणात आषाढ-श्रावणात लाइट जाते तेव्हा या सगळ्याची खरी परीक्षा होते. अर्धा लिटर पाणी कापडातून उडून जायला सव्वा मेगाज्यूलच्या आसपास उष्णता लागते, आणि दमट हवेत ती मिळायला दिवस जातो. तेवढ्या वेळात मोराक्सेला ऑस्लोएन्सिस नावाचा जिवाणू घामाच्या उरलेल्या अंशावर वाढतो आणि तो ओळखीचा कुबट वास येतो. रुळांतून दोनदा काढलेला शर्ट त्या जिवाणूला तेवढी सवड देत नाही. पिंपाचं झाकणही धुऊन झाल्यावर उघडंच ठेवावं, नाहीतर वायसरच्या खाचेत तोच वास मुक्कामाला येतो. दोरीवर दोन कपड्यांमध्ये चार बोटांची फट ठेवायची, जाड शिवण खाली, खिसे उलटे काढून, आणि जीन्स कंबरेकडून उघडी, पिंपासारखी गोल, चार चिमट्यांवर.