उद्योग संघटना आणि हवामान धोरणासाठीचं लॉबिंग (मराठवाडा)

गाड्यांनी धूर किती सोडायचा, पेट्रोलमध्ये इथेनॉल किती मिसळायचं, कोळशाच्या वीज केंद्रांना किती मुदत द्यायची, कारखान्याला वीज कुठल्या वेळी स्वस्त द्यायची, दुष्काळात धरणातलं पाणी आधी कुणाला, हे सगळे निर्णय हवामान बदलाशी थेट नाहीतर आडून जोडलेले आहेत. या निर्णयांवर आपल्या सोयीचा परिणाम व्हावा म्हणून कंपन्या उद्योग संघटनांच्या सभासद होतात, वर्गणी भरतात, कमिट्यांवर आपली माणसं बसवतात आणि मग ती संघटना मंत्रालयात, दिल्लीत, नियामक आयोगापुढं किंवा कोर्टात त्यांची बाजू मांडते, या पूर्ण व्यवहाराला हवामान धोरणाचं लॉबिंग म्हणतात. यात बेकायदा असं काही नाही, शेतकरी संघटना आणि कामगार संघटनाही तेच करतात. अडचण एवढीच आहे की कंपनी स्वतःच्या नावानं एक बोलते आणि तिच्याच वर्गणीवर चालणारी संघटना दुसरंच मागते, असं पुष्कळदा होतं आणि ते लोकांना दिसत नाही.

अमेरिकेत लॉबिंगचा खर्च जाहीर करायचा कायदा १९९५ पासून आहे, युरोपियन युनियनचं पारदर्शकता रजिस्टर २०११ पासून. भारतात लॉबिंगसाठी वेगळा कायदाच नाही. २०१४ चं केंद्र सरकारचं एक धोरण आहे की कायद्याचा मसुदा निदान ३० दिवस लोकांसमोर ठेवावा, पण त्या मुदतीच्या आधी कोण कुणाला भेटलं याची नोंद कुठंच लागत नाही.

जगातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण ग्लोबल क्लायमेट कोअलिशनचं. १९८९ मध्ये अमेरिकेत तेल, कोळसा आणि मोटार कंपन्यांनी मिळून हा गट काढला आणि उत्सर्जन कमी करायच्या क्योटो कराराला जोरात विरोध केला. पुढं कंपन्या एकेक करून बाहेर पडू लागल्या, बीपी, शेल, फोर्ड अशा, आणि २००२ मध्ये गट बंद झाला. पण तोवर बरीच वर्षं हातची गेली होती. त्यानंतर गुंतवणूकदारांनी कंपन्यांना विचारायला सुरुवात केली की तुमची संघटना तुमच्या नावावर काय मागते ते तपासा, आणि मग बीएचपी ही खाण कंपनी २०१८ मध्ये वर्ल्ड कोल असोसिएशनमधून निघाली, शेलनं २०१९ मध्ये अमेरिकेतली रिफायनरीवाल्यांची संघटना सोडली, फ्रान्सची टोटल २०२१ मध्ये अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडली. लंडनची इन्फ्लुएन्समॅप ही संस्था २०१५ पासून हेच काम करते, कंपनीचं म्हणणं आणि तिच्या संघटनेचं म्हणणं शेजारी ठेवून पाहते.

भारतात वरच्या पातळीला ॲसोचॅम १९२० ची, फिक्की १९२७ ची, आणि सीआयआय जिचं मूळ १८९५ पर्यंत जातं. त्याखाली धंद्याप्रमाणं संघटना, मोटारवाल्यांची सियाम, साखरवाल्यांची इस्मा, पश्चिम भारतातल्या खासगी साखर कारखान्यांची विस्मा, सहकारी कारखान्यांचा राज्य संघ आणि राष्ट्रीय महासंघ, खासगी वीज कंपन्यांची असोसिएशन ऑफ पॉवर प्रोड्युसर्स. आणि मराठवाड्यात चेंबर ऑफ मराठवाडा इंडस्ट्रीज अँड ॲग्रिकल्चर म्हणजे सीएमआयए, लहान उद्योगांची मसिआ, जालन्यात स्टीलवाले वेगळे. एकच कारखाना यातल्या तीन-चार ठिकाणी सभासद असू शकतो, आणि प्रत्येक ठिकाणी थोडं वेगळं मागितलं जातं.

निवेदन

इथल्या माणसाला लॉबिंग दिसतं ते निवेदनाच्या रूपात. पालकमंत्री किंवा केंद्रातला कुणी मंत्री संभाजीनगरला आला की संघटनेचे पदाधिकारी पुष्पगुच्छ घेऊन जातात, लेटरहेडवर "मा. मंत्री महोदय", खाली "विषय", मग मुद्दे, विजेचा दर, रस्ता, विमानाची फेरी, ड्रेनेज, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. यातल्या नव्वद टक्के मागण्या रास्त असतात, संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यावरून ज्यानं पावसाळ्यात मटेरियल नेलंय त्याला विचारा. पण हवामानाशी जोडलेली मागणी या ढिगात सहसा वेगळी ओळखू येत नाही, ती "मुदतवाढ मिळावी", "टप्प्याटप्प्यानं लागू करावं", "दर पुनर्विचार व्हावा" अशा भाषेत असते. आणि जी खरी वजनदार मागणी असते ती तर फोटोत नसतेच, ती दिल्लीतल्या तांत्रिक कमिटीच्या मिनिट्समध्ये किंवा सुप्रीम कोर्टातल्या अर्जात असते.

संघटनेची भूमिका मवाळ का होते त्याचं कारणही साधं आहे. सगळ्या सभासदांना चालेल तेच बोलायचं, म्हणजे तांड्यातल्या सगळ्यात हळू बैलाच्या चालीनं सगळ्यांनी चालायचं. ज्या कंपनीनं आधीच नवीन मशिनरी बसवली तिलाही संघटनेत मुदतवाढच मागावी लागते, नाहीतर बाहेर पडावं लागतं.

गाड्या: वाळूज, शेंद्रा, बिडकीन

बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना १९८५ चा, स्कोडा शेंद्र्याला, भोवती सुटे भाग पुरवणारे शेकडो व्हेंडर, त्यामुळं सियाम दिल्लीत काय बोलते त्याचा परिणाम वाळूजच्या शिफ्टवर होतो. २०१७ मध्ये बीएस-३ म्हणजे धुराच्या जुन्या, ढिल्या मानकाच्या गाड्यांची विक्री १ एप्रिलपासून बंद करायची का हा विषय सुप्रीम कोर्टात होता. कंपन्यांकडं ८ लाख २४ हजारांच्या आसपास न विकलेल्या बीएस-३ गाड्या होत्या, त्यात बहुसंख्य दुचाकी, आणि सियामचं म्हणणं होतं की उत्पादन बंद करायची तारीख होती, विकायची नव्हे, तेव्हा माल संपेपर्यंत विकू द्या. बजाजनं मात्र उलटी बाजू घेतली, आम्ही वेळेत बीएस-४ वर गेलो, मागं राहिलेल्यांना सवलत देऊ नका. २९ मार्च २०१७ ला कोर्टानं बंदी घातली. संघटनेचा सभासद असूनही कंपनी वेगळं बोलू शकते याचं हे चांगलं उदाहरण आहे, आणि ते वाळूजशी जोडलेल्या कंपनीचं आहे हे इथं फार थोड्यांना माहीत आहे.

पण तीच कंपनी दोन वर्षांनी दुसऱ्या बाजूला होती. २०१९ मध्ये नीती आयोगानं सुचवलं की तीनचाकी २०२३ पर्यंत आणि १५० सीसीपर्यंतच्या दुचाकी २०२५ पर्यंत इलेक्ट्रिक कराव्यात. सियामनं हे अव्यवहार्य म्हटलं, बजाज आणि टीव्हीएसनंही उघड विरोध केला, एथरसारखी नवीन इलेक्ट्रिकवाली कंपनी मात्र बाजूनं बोलली. ती तारीख सक्तीची झालीच नाही. पुढं २०२४ मध्ये त्याच एथरनं कारखान्यासाठी बिडकीनचं ऑरिक हे औद्योगिक शहर निवडलं, टोयोटा किर्लोस्करनंही तिथंच सुमारे २० हजार कोटींचा करार राज्य सरकारशी केला. म्हणजे आता विरोध करणारे आणि बाजू घेणारे, दोघांचे कारखाने एकाच जिल्ह्यात, आणि त्यांना माल देणारा व्हेंडर बहुधा तोच राहणार. कंपनीच्या सगळ्या गाड्यांच्या सरासरी कार्बन उत्सर्जनावर मर्यादा घालणाऱ्या कॅफे नियमांच्या पुढच्या टप्प्यात छोट्या गाड्यांना वेगळी सूट द्यायची का यावरूनही मोटार कंपन्यांमध्ये २०२५ मध्ये उघड फूट पडली. अशा वेळी सियामचं एकमत म्हणजे नेमकं कुणाचं मत हे विचारायलाच हवं.

ऊस आणि इथेनॉल

मराठवाड्यात हा विषय सगळ्यात नाजूक आहे, म्हणून जरा थांबून बघू. केंद्राचं २०१८ चं जैवइंधन धोरण, मग २०२२ ची दुरुस्ती, ज्यात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉलचं लक्ष्य २०३० वरून २०२५-२६ वर ओढलं गेलं. साखर संघटनांनी ते उचलून धरलं, कर्ज काढून डिस्टिलऱ्या उभ्या राहिल्या, आणि प्रचार असा की हे हरित इंधन आहे, हवामानाला मदत, परकीय चलनाची बचत, शेतकऱ्याला वेळेत एफआरपी म्हणजे उसाचा ठरलेला किमान दर. ७ डिसेंबर २०२३ ला, पाऊस कमी झाला म्हणून, सरकारनं उसाच्या रसापासून इथेनॉल बंद केलं, तेव्हा संघटनांनी इतकी धावपळ केली की आठवडाभरात १७ लाख टन साखरेइतकी मर्यादा घालून परत परवानगी मिळाली. विस्माचे अध्यक्ष बी. बी. ठोंबरे हे कळंब तालुक्यातल्या रांजणीच्या नॅचरल शुगरचे, म्हणजे या चर्चेत मराठवाड्याचा आवाज लहान नाही.

आता दुसरी बाजू पाण्याची. मराठवाड्याचा सरासरी पाऊस ७०० मिलिमीटरच्या आसपास, उसाला लागतं १५०० ते २५०० मिलिमीटर. नीती आयोगाच्याच २०२१ च्या इथेनॉल आराखड्यात लिहिलंय की उसापासून १ लिटर इथेनॉल करायला साधारण २८६० लिटर पाणी जातं. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं गेलं, पहिल्या फेरीत १० वाघिणी, ५ लाख लिटर, आणि त्याच जिल्ह्यात ऊस उभा होता. २०१९ मध्ये विभागीय आयुक्त कार्यालयानं मराठवाड्यात ऊस लागवडीवर बंदीची शिफारस सरकारला केली, पुढं काही झालं नाही.

शेतकऱ्याला दोष देऊन चालत नाही बरं का, ज्या पिकाचा दर आधी ठरतो आणि जे कारखाना उचलतो ते एकच पीक आहे, सोयाबीनला हमीभाव कागदावर असतो आणि मोंढ्यात वेगळाच. ऊस तोडणीला आला नाही तर जो माणूस रडकुंडीला येतो त्याला पाण्याचा हिशोब सांगणं सोपं नाही. म्हणूनच संघटनेच्या मागणीला एवढं वजन येतं, तिच्या मागं कारखानदारासोबत सभासद शेतकरी, तोडणी मुकादम, ट्रॅक्टरवाला सगळे उभे असतात. पण हवामानाच्या नावानं इथेनॉल मागताना हवामानामुळंच आटणाऱ्या मांजरा-तेरणा खोऱ्याचं पाणी हिशोबात धरलं जात नाही, आणि ते धरा म्हणून सांगणारी, तेवढ्याच ताकदीची संघटना कोरडवाहू शेतकऱ्याकडं नाही. कापूस-सोयाबीनवाल्याचं निवेदन तहसीलच्या आवक-जावकमध्ये पडून राहतं.

कोळसा

परळीचं औष्णिक केंद्र पाण्याअभावी २०१३ मध्ये आणि परत २०१५ मध्ये बंद ठेवावं लागलं, त्यामुळं कोळशाच्या विजेला पाणी लागतं हे इथं कुणाला शिकवावं लागत नाही. डिसेंबर २०१५ मध्ये पर्यावरण मंत्रालयानं कोळसा केंद्रांसाठी राख, सल्फर, नायट्रोजन ऑक्साईड, पारा आणि पाणी वापर यांचे नवीन नियम काढले, दोन वर्षांची मुदत देऊन. मग वीज कंपन्यांकडून आणि त्यांच्या संघटनेकडून मुदतवाढीच्या मागण्या, कोर्ट, वर्गवारी, परत मुदत, आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुतेक केंद्रांना सल्फर काढायच्या यंत्रणेतून सूटच. नियम ढिला झाला की फायदा सगळ्यांना होतो, ज्यांनी मागणी केली त्यांना आणि गप्प बसलेल्यांनाही, त्यामुळं गप्प बसणं फार स्वस्त पडतं.

कागदावर काय दिसतं

शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीनं २०२२-२३ पासून बाजारमूल्यानं पहिल्या १००० लिस्टेड कंपन्यांना बीआरएसआर नावाचा अहवाल सक्तीचा केला. त्यात नऊ तत्त्वं आहेत आणि सातवं तत्त्व धोरणावर प्रभाव टाकण्याबद्दल आहे, ते जबाबदारीनं आणि पारदर्शकपणे करा असं. यातल्या कुठल्याही कंपनीचा वार्षिक अहवाल उघडा, शेवटाकडं जा, तिथं एक लहान तक्ता सापडतो, अनुक्रमांक, संघटनेचं नाव, राज्य पातळी की राष्ट्रीय, आणि दहा नावं. बस. संघटनेनं त्या वर्षी काय मागितलं ते तिथं नसतं. कंपनीनं कुठल्या धोरणाची बाजू घेतली, कशी मांडली, बोर्डानं ती किती वेळा तपासली, हे विचारणारा पुढचा रकाना आहे पण तो ऐच्छिक, आणि तो रिकामा सोडला तरी चालतो. हा रकाना सक्तीचा व्हायलाच पाहिजे, एका ओळीचा बदल आहे.

तेवढ्यानंही मराठवाड्याचं पूर्ण भागत नाही. इथले बहुतेक साखर कारखाने सहकारी किंवा लिस्ट न झालेले, जालन्यातल्या रोलिंग मिल बहुतांश घरच्या कंपन्या, वाळूजचे व्हेंडर एमएसएमई म्हणजे लहान-मध्यम उद्योग. सेबीच्या तक्त्यात यातलं फारसं कुणी येतच नाही.

ज्या ठिकाणी संघटनेची मागणी नावानिशी वाचायला मिळते ते म्हणजे महाराष्ट्र वीज नियामक आयोग. दर ठरवताना आयोग जाहीर सुनावण्या घेतो, संभाजीनगरातही होतात, आणि आदेशात कुणी काय हरकत घेतली, महावितरणनं काय उत्तर दिलं, आयोगाचं मत काय, हे क्रमानं छापलेलं असतं. जालन्याच्या, विजेवर स्टील वितळवणाऱ्या इंडक्शन भट्ट्यांचं गणित वर्षानुवर्षं रात्रीच्या सवलतीवर बसलेलं, रात्री १० ते सकाळी ६ वापरलेल्या युनिटला दीड रुपया सूट मिळायची. सोलर वाढलं, दुपारी वीज जास्त होऊ लागली, म्हणून २०२५ च्या दरनिश्चितीत ही सूट दिवसाकडं सरकवायचा विषय आला आणि उद्योग संघटनांनी कडाडून विरोध केला. भट्टीवाल्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, शिफ्ट, मजूर, स्क्रॅपची आवक सगळं रात्रीवर लागलेलं, पण सोलरची वीज दुपारी वापरली गेली नाही तर रात्री परत कोळसाच जाळायचा हेही खरं. हा वाद दोन्ही बाजूंनी आयोगापुढं लेखी झालाय. घरगुती ग्राहक, शेतीपंपवाला, कुणीही तिथं मराठीत हरकत देऊ शकतो आणि महावितरणला तिचं उत्तर द्यावं लागतं.