गारोसची पाचर आणि फोकरचा कॅम

मे महिना सरत आला की पॅरिसच्या लाल मातीवरच्या टेनिसबरोबर 'कोण होता हा रोलाँ गारोस?' असे लेखही उगवतात. त्यातल्या दोन चुका ठरलेल्या. गारोस टेनिसपटू नव्हता, पहिल्या महायुद्धातला फ्रेंच वैमानिक होता. १९२८ साली उभारलेल्या स्टेडियमला त्याचं नाव लागलं ते एका जुन्या वर्गमित्राच्या आग्रहामुळे. आणि तो पहिला 'एस'ही नाही. एस म्हणजे किमान पाच विमानं पाडलेला, आणि तो मान अडोल्फ पेगूचा. गारोसचा आकडा चारवर थांबतो.

या चुका मी सोडून देतो. तिसरीवर मात्र डोकं फिरतं: 'फिरत्या पंख्यातून गोळ्या झाडणारी यंत्रणा गारोसने बनवली आणि जर्मनांनी ती ढापली.' दोन वेगळ्या उपायांची ही खिचडी आहे.

अडचण एकच होती. विमानाचं नाक शत्रूकडे वळवून सरळ पुढे मारा करावा, तर मधे पंखा. दोन पाती आणि मिनिटाला साधारण १२०० फेरे, म्हणजे सेकंदाला चाळीस वेळा बंदुकीच्या तोंडासमोर लाकूड.

गारोसचा उपाय दणकट, पण आडदांड. पात्यांवर गोळी जिथे आदळेल तिथे त्याने पोलादी पाचरी बसवल्या. बंदुकीला पंख्याचा पत्ताच नसतो, ती आपली झाडत राहते. बहुतेक गोळ्या फटीतून निसटतात. एखादी पाचरीवर आपटून बाजूला उडते आणि तो दणका पात्याला, इंजिनाला सोसावा लागतो.

जर्मनांसाठी विमानं बनवणाऱ्या फोकरच्या विमानात पाचर नावालाही नाही. तिथे इंजिनाबरोबर फिरणारा कॅम, म्हणजे उंचवटा असलेली चकती, दांड्यामार्फत बंदुकीचा घोडा दाबतो, तोही पातं वाटेत नसेल तेव्हाच. वैमानिक खटका दाबतो म्हणजे फक्त ही जोडणी चालू करतो. गोळी कधी सुटायची ते इंजिन ठरवतं. म्हणूनच 'पातं समोर आलं की गोळीबार रोखणारं यंत्र' हे वर्णन मला अजिबात पटत नाही. इथे रोखायचं काही नसतं, प्रत्येक गोळी वेळेवर सोडायची असते.

मग फ्रेंचांना हे सुचलं नव्हतं का? सुचलं होतं! मोरान-सोल्निए कंपनीच्या रेमों सोल्निएने १९१४ मध्ये बंदूक आणि पंख्याचा असा मेळ घालून पाहिला. पण काडतुसं दगा देत. एखादं क्षणभर उशिरा पेटायचं आणि तेवढ्यात पातं समोर हजर. त्या चुकार गोळ्यांपासून पंखा वाचवायला पाचरी आल्या. पुढे गारोसने मेळाचा नाद सोडला आणि पाचरींवरच भिस्त ठेवली.

१ एप्रिल १९१५ रोजी त्याने पहिलं विमान पाडलं, महिनाभरात आणखी दोन. १८ तारखेला बेल्जियममध्ये शत्रूच्या हद्दीत उतरावं लागलं. तो पकडला गेला आणि विमानही गेलं. जर्मनांच्या हाती लागल्या त्या पाचरी. कॅमची जोडणी त्या विमानात नव्हतीच, मग चोरणार काय? शिवाय अशा मेळाचं पेटंट फ्रान्झ श्नायडरने जर्मनीत १९१३ मध्येच घेतलं होतं. त्या विमानामुळे फोकरच्या माणसांना घाई झाली, एवढं श्रेय गारोसला खुशाल द्या. १ जुलै १९१५ रोजी जर्मन वैमानिक कुर्ट विंटगेन्सने फोकरच्या विमानातून पहिली शिकार केली.

गारोस तेव्हा कैदेत होता. फेब्रुवारी १९१८ मध्ये जर्मन अधिकाऱ्याच्या वेशात तो माग्देबुर्गहून निसटला आणि पुन्हा आघाडीवर गेला. ५ ऑक्टोबरला वूझिएजवळ त्याचं विमान पडलं. दुसऱ्या दिवशी तो तीस वर्षांचा झाला असता. ते विमान स्पॅड १३ होतं. त्याच्या पात्यांवर पाचरी नव्हत्या, दोन्ही बंदुका इंजिनाच्या तालावर चालत होत्या.