लेन्सच्या आधी माऊंट

नव्या कॅमेऱ्यासाठी लेन्स शोधताना बहुतेकांची नजर आधी मिलिमीटरवर (फोकल लेन्थ: आकडा लहान तितके दृश्य रुंद) जाते, मग एफ-आकड्यावर (आकडा लहान तितका उजेड जास्त), मग किमतीवर. बॉडीच्या तोंडाशी असलेली धातूची कडी, म्हणजे माऊंट, कोणी फारशी पाहत नाही. पण कुठल्या लेन्स बसतील, बसल्या तरी फोकस होतील का, आणि दहा वर्षांनी त्या विकता येतील का, हे ती कडीच ठरवते. तिची मापे कॅमेऱ्याच्या इतर कुठल्याही भागापेक्षा जुनी असू शकतात.

सुरुवात फ्रेमच्या मापापासून. जर्मनीतल्या वेट्झलार गावी लाइट्झ कंपनीत ऑस्कर बार्नाक याने सिनेमाची ३५ मिमी फिल्म आडवी धरली आणि सिनेमाच्या दोन चौकटींएवढी, ३६ × २४ मिमीची एक चौकट केली. १९२५ मध्ये हा लायका कॅमेरा बाजारात आला, ५० मिमी एफ/३.५ लेन्ससह. या चौकटीचा कर्ण ४३.३ मिमी. त्याच्या आसपासच्या लेन्सला ‘नॉर्मल’ म्हणायची रीत पडली आणि ५० मिमी डोक्यात बसली.

डिजिटलमध्ये हा हिशेब बिघडला. निकॉनचा डी१ १९९९ मध्ये आला, तेव्हा त्याचा सेन्सर, म्हणजे फिल्मच्या जागची चिप, जेमतेम २३.७ मिमी रुंद होता. सिलिकॉनच्या एका चकतीतून मोठे सेन्सर मोजकेच निघतात आणि एका दोषापायी पूर्ण सेन्सर फुकट जातो. ३६ मिमीचा सेन्सर परवडणारा नव्हता. म्हणून जुन्या लेन्ससमोर लहान सेन्सर ठेवला गेला आणि १.५चा (कॅननमध्ये १.६चा) गुणक आला: मिलिमीटरला त्याने गुणले की फिल्मवर तेवढेच दृश्य देणारी लेन्स कळते. इथे एक घोळ हमखास होतो. लेन्सची फोकल लेन्थ बदलत नाही, फक्त चित्राच्या कडा कापल्या जातात. आणि हा गुणक लहान सेन्सरसाठीच बनवलेल्या लेन्सलाही लावायचा असतो. १८-५५ म्हणजे फिल्मच्या भाषेत साधारण २७-८२. म्हणूनच ‘पहिली प्राइम (झूम नसलेली लेन्स) ५०चीच घ्या’ हा फिल्मच्या काळातला सल्ला लहान सेन्सरवर जसाच्या तसा चालत नाही. तिथे ५० मिमी ७५सारखी दिसते. चेहऱ्यांना उत्तम, पण दहा बाय दहाच्या खोलीत चार माणसे बसवायची तर पाठ भिंतीला लागते. घरातल्या कार्यक्रमांसाठी ३५ मिमी एफ/१.८ जास्त कामाची.

माऊंटची खरी गोष्ट आरशाची आहे. एसएलआरमध्ये लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये आरसा असतो आणि फोटो काढताना तो वर उडतो. त्याला जागा हवी, म्हणून निकॉनने १९५९ मध्ये एफ माऊंट आणला तेव्हा कडीपासून फिल्मपर्यंतचे अंतर ४६.५ मिमी ठेवले. पण साध्या रचनेची २८ मिमीची लेन्स फिल्मपासून साधारण २८ मिमीवरच असावी लागते, म्हणजे थेट आरशाच्या वाटेत. यावर फ्रान्सच्या आंजेन्यू कंपनीने १९५० मध्येच ‘रेट्रोफोकस’ लेन्स काढली होती: पुढे किरण फाकवणारी मोठी काच, मागे ते गोळा करणारा गट. एसएलआरच्या वाइड लेन्स पुढून एवढ्या फुगीर आणि जड का, याचे उत्तर हेच.

हे अंतर मिलिमीटरने चुकले तरी काय होते, ते जुन्या एम४२ स्क्रू लेन्स घेणाऱ्यांना लगेच कळते. या लेन्सना ४५.४६ मिमी लागतात. कॅननच्या ईएफ माऊंटला ४४ मिमी आहेत, तेव्हा दीड मिमीच्या, लेन्स आणि बॉडी जोडणाऱ्या पातळ अ‍ॅडॅप्टरने काम भागते. निकॉन एफवर मात्र लेन्स मिलिमीटरभर आत जायला हवी, आणि ती जाऊ शकत नाही. समोर बसलेल्या माणसाचा चेहरा स्पष्ट येतो, पण सिंहगडावरून राजगड टिपायला जावे तर तो धूसरच. काच बसवलेले अ‍ॅडॅप्टर ही उणीव भरून काढतात, पण स्वस्तातली काच चित्राचा कस घालवते.

दुसरे वळण ऑटोफोकसचे. १९८५ मध्ये मिनोल्टा ७००० आला; मोटर बॉडीत, आणि एका दांडीने ती लेन्स फिरवणार. निकॉनने जुना माऊंट न मोडता हीच पद्धत घेतली. कॅननने १९८७ मध्ये आपला जुना एफडी माऊंट सरळ टाकून दिला आणि ५४ मिमी तोंडाचा ईएफ आणला: मोटर लेन्समध्ये, बॉडीशी बोलणे फक्त विजेच्या टोकांतून. एफडीवाल्यांचा संताप रास्त होता. त्यांच्या लेन्स ४२ मिमी अंतरासाठीच्या, नव्या बॉडीवर अनंताला, म्हणजे फार दूरच्या वस्तूंच्या फोकसला, पोहोचतच नव्हत्या. तरीही तांत्रिकदृष्ट्या निर्णय कॅननचाच बरोबर निघाला, कारण पुढे सगळे त्याच वाटेने गेले.

निकॉनच्या जुन्याला धरून राहण्याची किंमत आजचा ग्राहक मोजतो. २००६च्या डी४० पासून त्यांच्या स्वस्त बॉडींमधून मोटर काढली गेली. डी३५०० आणि डी५६०० मध्येही ती नाही. सेकंडहँड बाजारात ५० मिमी एफ/१.८डी ही स्वतःची मोटर नसलेली लेन्स स्वस्त दिसते, ती या बॉडींवर बसते, फोटोही येतो, पण फोकस हाताने. नावात ‘एएफ-एस’ किंवा ‘एएफ-पी’ (म्हणजे मोटर लेन्समध्येच) आहे का, एवढे पाहून घ्यावे. आणि एएफ-पी असेल तर ती आपल्या मॉडेलवर चालते का, हेही, कारण काही जुन्या बॉडींवर ती फोकसच करत नाही.

कॅननमध्येही एक खाच आहे. २००३ मध्ये ३००डी सोबत ईएफ-एस लेन्स आल्या. त्यांचा मागचा भाग बॉडीत खोलवर जातो, आणि फुल फ्रेमचा, म्हणजे ३६ × २४ मिमी सेन्सरच्या बॉडीचा, मोठा आरसा त्याला धडकला असता. म्हणून ईएफवर लाल ठिपका, ईएफ-एसवर पांढरा चौकोन. ३००डीपासून पुढच्या, १.६ गुणकाच्या बॉडींवर दोन्ही खुणा असतात, फुल फ्रेमवर फक्त लाल.

त्याच ३००डीने १८-५५ एफ/३.५-५.६ ही किट लेन्स (बॉडीसोबत मिळणारी) घरोघरी नेली. ती वाईट नाही. उन्हात एफ/८ला ठेवली तर नीट काम देते. अडते संध्याकाळी. ५५ मिमीला तिचे तोंड एफ/५.६च्या पुढे उघडत नाही, आणि एफ/१.८ त्याच्या नऊ-दहा पट उजेड आत घेते.

मग आरसाच गेला आणि कडी सेन्सरच्या जवळ आली. २००८ मध्ये मायक्रो फोर थर्ड्स माऊंट, २०१० मध्ये सोनीचा १८ मिमीचा ई माऊंट, २०१८ मध्ये निकॉन झेड १६ मिमी आणि कॅनन आरएफ २० मिमी. अंतर घटले तशी जुन्या लेन्ससाठी जागा मोकळी झाली: एफ ते झेड अ‍ॅडॅप्टर म्हणजे ३०.५ मिमीची पोकळ नळी. पण निकॉनच्या अशा नळीत, एफटीझेडमध्ये, मोटर नाही, त्यामुळे मोटर नसलेल्या ‘डी’ लेन्स तिथेही हातानेच फिरवाव्या लागतात. आणि फिल्म रेंजफाइंडरच्या (आरसा नसलेल्या जुन्या कॅमेऱ्यांच्या) वाइड लेन्स बसल्या तरी कोपऱ्यांत रंग बिघडतो, तपशील पुसट होतो, कारण त्यांचे किरण सेन्सरवरच्या काचेतून फार तिरपे येतात.

सोनीने इतर कंपन्यांना दार लवकर उघडले, म्हणून ई माऊंटला सिग्मा, टॅमरॉनच्या लेन्स भरपूर. कॅननने आरएफचे दार बरीच वर्षे बंद ठेवले. २०२४ मध्ये ते लहान सेन्सरच्या लेन्सपुरते किलकिले झाले. बॉडी निवडतानाच हे पाहावे, नंतर नाही.

जुनी लेन्स हातात घेतलीच, तर अ‍ॅपर्चर (उजेड कमी-जास्त करणारे पात्यांचे तोंड) पूर्ण उघडून मागून टॉर्च मारावा. कोकणात किंवा मुंबईत पावसाळे काढलेल्या लेन्समध्ये बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू काचेच्या कडेपासून आत सरकताना दिसतात. बुरशी काचेवरचे कोटिंग खाते, आणि साफ केली तरी डाग राहू शकतो. पात्यांवर तेलाची चकाकी असेल तर अ‍ॅपर्चर वेळेवर बंद होणार नाही, फोटो जादा उजळ येतील. शेवटी फोकसची कडी पूर्ण अनंतावर नेऊन दूरच्या पाण्याच्या टाकीवर एक फोटो काढावा आणि तो स्क्रीनवर मोठा करून पाहावा.