लाकडी पॅलेटवरच्या शिक्क्यामागचा भुंगेरा

न्हावा शेवाहून परदेशी निघालेल्या लाकडी पॅलेटवर (माल रचायच्या चौकटीवर) एक शिक्का दिसतो : गव्हाची ओंबी, 'आयएन' हा देशाचा संकेत, प्रक्रिया करणाऱ्याचा क्रमांक आणि लाकडावरची प्रक्रिया सांगणारं 'एचटी' (उष्णता) किंवा 'एमबी' (मिथाइल ब्रोमाइड वायूची धुरी). तो नसेल तर आतला माल कितीही उत्तम असो, पलीकडच्या बंदरात अडू शकतो.

या सक्तीचं मूळ १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये सापडतं. तिथल्या रस्त्याकडेच्या मेपल झाडांच्या खोडांना गोल भोकं दिसली. आत होता पांढऱ्या ठिपक्यांचा काळा आशियाई भुंगेरा, बहुधा चीनहून आलेल्या खोक्यांच्या कच्च्या लाकडातून उतरलेला. त्याची अळी थेट गाभ्यात शिरते, त्यामुळे वरून फवारलेलं औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. झाड तोडून त्याचा भुगा करणं एवढंच हाती उरतं. न्यूयॉर्कमध्ये अशी हजारो झाडं गेली. १९९८ मध्ये शिकागोतही तो सापडला आणि त्याच वर्षअखेर अमेरिकेने चिनी लाकडी खोक्यांवर प्रक्रिया सक्तीची केली. पुढच्याच वर्षी पोर्तुगालमध्ये पाइनची झाडं वाळवणारा सूत्रकृमी, म्हणजे धाग्यासारखा सूक्ष्म किडा, आढळला.

प्रत्येक देशाने आपापला नियम काढला असता तर निर्यातदारांचे हालच झाले असते. म्हणून २००२ मध्ये लाकडी वेष्टनासाठी 'आयएसपीएम १५' हे सामाईक आंतरराष्ट्रीय मानक आलं. लाकडाचा गाभा ५६ अंश सेल्सियसवर सलग ३० मिनिटं तापवायचा, नाहीतर मिथाइल ब्रोमाइडची धुरी द्यायची. प्लायवूड मुळातच उष्णता आणि दाबाखाली बनतं, म्हणून त्याला सूट आहे. लाकडाची साल सोलून काढण्याची अट २००९ च्या सुधारणेत आली.

बंदरावरची धुरी आपल्याला त्याआधीपासून ठाऊक होती. मेक्सिकन बोंड भुंगेरा देशात शिरू नये म्हणून १९०६ मध्येच आयात कापसाच्या गाठींना धुरी देण्याचा सरकारी आदेश निघाला होता. लाकडी वेष्टनाच्या आयातीवरची अट मात्र २००३ च्या प्लांट क्वारंटाइन आदेशाखाली आली.

खरी अडचण मिथाइल ब्रोमाइडची आहे. हा वायू ओझोनचा थर विरळ करतो. मॉन्ट्रियल करारानुसार शेतीतला त्याचा वापर विकसित देशांत २००५ पर्यंत आणि इतरत्र २०१५ पर्यंत थांबवायचा होता, पण क्वारंटाइनच्या, म्हणजे परकी कीड रोखण्याच्या, कामाला सूट मिळाली. एका खंडातली झाडं वाचवताना साऱ्या पृथ्वीचं छत्र झिजवणारी ही सूट इतकी वर्षं टिकायला नको होती. तापवण्याची भट्टी उभारणं महाग पडतं हे मान्य, तरी उपाय होते आणि वाढलेही : २०१३ मध्ये डायइलेक्ट्रिक तापन (मायक्रोवेव्हसारख्या लहरींनी तापवणं) मानकात आलं, २०१८ मध्ये सल्फ्युरिल फ्लोराइड या दुसऱ्या वायूची धुरी. युरोपीय संघाने तर २०१० मध्येच आपल्या हद्दीत मिथाइल ब्रोमाइडची धुरी बंद केली.