नोकरीच्या अटी परस्पर बदलल्या? अर्ज नेमका इथे अडतो

भत्ता बंद झाला, पाळी बदलली, मूळ वेतन कमी झालं, की लोक थेट कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जातात आणि अर्ज तसाच परत घेऊन येतात. हक्क नसतो असं नाही. कागद अपुरे असतात, नाहीतर दार चुकलेलं असतं.

आधी कायदा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली आहे. अटी बदलण्याआधी नोटीस द्यायला लावणारं जुनं ‘कलम ९-अ’ आता कलम ४० आहे. इंटरनेटवरचा जुना नमुना जसाच्या तसा उतरवू नका. वेतन, भत्ते, कामाचे तास, पाळ्या, रजा, पीएफची वर्गणी, वर्षानुवर्षं मिळत आलेली सवलत अशा तिसऱ्या अनुसूचीतल्या बाबी बदलायच्या असतील, तर मालकाने आधी नोटीस द्यायची आणि २१ दिवस थांबायचं. बदली त्या यादीत नाही. नेमणूकपत्रात बदलीची अट असेल तर या कलमावर वेळ घालवू नका.

सगळ्यात जास्त गोंधळ या २१ दिवसांचाच. नोटीस लागली म्हणजे सरकारची मंजुरी आली, असं समजून लोक गप्प बसतात. मंजुरी वगैरे काही नसते. ते दिवस मालकाने थांबायचे आहेत. ते संपले की तो बदल लागू करू शकतो. म्हणून लेखी हरकत त्याच दिवसांत घ्या. समेट अधिकाऱ्यापुढे, म्हणजे मालक-कामगार वाद मिटवायला सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्यापुढे, कार्यवाही चालू असताना वादातल्या अटी लेखी परवानगीशिवाय कामगारांच्या तोट्याने बदलता येत नाहीत. मात्र कार्यवाही सुरू व्हावी लागते, नुसता अर्ज टाकून हे संरक्षण मिळत नाही.

हे सगळं ‘कामगारा’साठी. व्यवस्थापकीय काम करणारे आणि महिना १८,००० रुपयांहून जास्त वेतनाचे पर्यवेक्षक यात येत नाहीत. पण कार्डावर ‘असिस्टंट मॅनेजर’ छापलंय म्हणून माघार घेऊ नका. हाताखाली कोणी नाही, कुणाची रजा मंजूर करायचा अधिकार नाही, तर प्रत्यक्ष काम काय करता ते अर्जात लिहा. पदाच्या नावापेक्षा त्याला वजन आहे.

एकट्याने केलेला अर्जही अडतो. कामावरून काढलं तर एकटा कामगार वाद उभा करू शकतो. अटी बदलल्या तर संघटना किंवा बरेच सहकारी पाठीशी लागतात. २० किंवा जास्त कामगार असतील तिथे तक्रार निवारण समिती असायलाच हवी, तिच्याकडे वर्षभरात जाता येतं. ठरलेला पगारच कापून दिला असेल तर वेतन संहितेखाली एकट्यालाही दावा करता येतो, मुदत ३ वर्षं.

आता कागद. नेमणूकपत्र मागतात आणि तेच कुणाकडे नसतं. एक गृहस्थ ‘उत्कृष्ट कर्मचारी’ची सात प्रमाणपत्रं लॅमिनेट करून घेऊन आले होते, पगाराची स्लिप एकही नाही! नेमणूकपत्र नसेल तर बँकेचं स्टेटमेंट आणि पीएफचं पासबुक काढा. पासबुक फार बोलकं असतं. दरमहा तुमचे १,८०० रुपये जमा होत होते आणि एका महिन्यापासून १,२०० दिसतात, तर १२ टक्क्यांच्या हिशेबाने पीएफचं वेतन १५,००० वरून १०,००० वर आलं, आणि कोणत्या महिन्यात आलं तेही कळतं. बदलाआधीचे आणि नंतरचे असे दोन्हीकडचे महिने जोडा. फक्त नंतरचे जोडले तर बदल झाला हेच दिसत नाही.

नव्या करारावर सही मागितली तर ‘विचार करून कळवतो’ म्हणून प्रत घ्या. सही टाळताच येत नसेल तर शेजारी ‘प्रत मिळाली, अटी मान्य नाहीत’ असं तारखेसह लिहा आणि त्याच दिवशी ईमेलनेही कळवा. तोंडी नकार कुणी नोंदवून ठेवत नाही.

अर्ज दोन प्रतींत द्या, आपल्या प्रतीवर आवक शिक्का आणि क्रमांक घ्या. ‘साहेब जेवायला गेलेत, ठेवून जा’ म्हणाले तर थांबा. आणि एचआर पोर्टलवरच्या स्लिपा अर्ज करण्याआधी उतरवून घ्या, नंतर लॉगिन चालेलच असं नाही.