कॉफी आणि उतारवयातली स्मरणशक्ती

फिनलंडच्या पूर्व भागात हृदयविकाराने ऐन उमेदीतले पुरुष मोठ्या संख्येने दगावत होते, म्हणून १९७२ साली तिथे ‘नॉर्थ करेलिया प्रकल्प’ सुरू झाला. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, सिगारेट अशा नोंदींबरोबर लोकांना आणखी एक प्रश्न विचारला गेला: दिवसाला किती कप कॉफी पिता? तेव्हा या प्रश्नाचा मेंदूशी काही संबंध नव्हता.

पुढे १९९८ मध्ये, ६५ ते ७९ वर्षांच्या झालेल्या त्यातल्याच १,४०९ जणांची स्मरणशक्ती तपासली गेली. ६१ जणांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, झाला होता, त्यांपैकी ४८ जणांना अल्झायमर हा त्याचा प्रकार. मध्यमवयात रोज तीन ते पाच कप कॉफी पिणाऱ्यांमध्ये डिमेन्शियाचं प्रमाण, दोन कपांपर्यंत थांबणाऱ्यांच्या तुलनेत, ६५ टक्क्यांनी कमी निघालं.

या अभ्यासाचं मोल मला वाटतं ते त्या जुन्या प्रश्नामुळे. विसरायला लागलेल्या माणसाला ‘पूर्वी किती कॉफी प्यायचात?’ असं विचारून भरवशाचं उत्तर कसं मिळणार? इथे उत्तर या तपासणीच्या सरासरी २१ वर्षं आधी लिहून ठेवलेलं होतं. तरीही ६५ टक्के हा आकडा मी सांभाळूनच वापरीन. ६१ रुग्ण तीन गटांत वाटले की एकेका गटात मोजकीच माणसं उरतात. शिवाय रक्तदाब, ॲसिडिटी किंवा निद्रानाश असलेली माणसं बरेचदा आपणहून कॉफी कमी करतात. मग फरक कॉफीचा की मुळातल्या प्रकृतीचा, हे अशा पाहणीतून पक्कं कळत नाही.

मेंदूत कॅफीन काय करतं ते मात्र बरंच उलगडलं आहे. जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं, ते पेशींवरच्या ठरावीक रिसेप्टरवर, म्हणजे संदेश घेणाऱ्या जागांवर, जाऊन बसलं की पेंग येते. कॅफीनची घडण ॲडेनोसिनसारखीच. एसटीत रुमाल टाकून जागा धरावी तसं ते रिसेप्टर अडवून ठेवतं आणि ॲडेनोसिनला बसू देत नाही. यांपैकी ‘ए-टू-ए’ नावाचे रिसेप्टर हालचालींवर नियंत्रण ठेवणाऱ्या भागात दाट असतात. होनोलुलूमध्ये जपानी वंशाच्या आठ हजारांवर पुरुषांच्या अभ्यासात (२०००) कॉफी पिणाऱ्यांना कंपवात, म्हणजे पार्किन्सन, बराच कमी झालेला दिसला. हेच रिसेप्टर अडवणारं इस्ट्राडेफिलिन हे औषध आज जपान आणि अमेरिकेत कंपवाताच्या रुग्णांना देतात. अल्झायमरबाबत इतका सलग धागा अजून हाती नाही. कॅफीन दिलेल्या उंदरांच्या मेंदूत बीटा-अमायलॉइड, म्हणजे अल्झायमरमध्ये मेंदूत साठणारं प्रथिन, कमी झालं. माणसांत तसं सिद्ध झालेलं नाही.

जास्त कॉफी म्हणजे जास्त फायदा, असंही नाही. ब्रिटनमधल्या सुमारे चार लाख लोकांच्या माहितीत, दिवसाला सहापेक्षा जास्त कप पिणाऱ्यांमध्ये डिमेन्शियाची शक्यता एक-दोन कप पिणाऱ्यांपेक्षा ५३ टक्के जास्त आढळली. हाही केवळ संबंधच, पण ‘प्या हवी तेवढी’ म्हणणाऱ्यांनी तो विसरू नये.

आणि कप म्हणजे कोणता कप? फिनलंडची कॉफी आपल्याकडच्यासारखी नसते. २०० मिलीलिटर फिल्टर कॉफीत (गाळून केलेल्या काळ्या कॉफीत) साधारण ९० मिलिग्रॅम कॅफीन असतं. आपल्याकडे दुधात अर्धा चमचा इन्स्टंट पावडर घालून होते ती कॉफी त्याच्या जवळपासही जात नाही. पुडीत चिकोरी (एका झाडाच्या भाजलेल्या मुळांची पूड) मिसळलेली असेल तर आणखी कमी, कारण चिकोरीत कॅफीन नसतंच. साखर मात्र दर कपाला पोटात जाते. मधुमेह असेल तर त्यानेच डिमेन्शियाचा धोका वाढतो. त्यामुळे घरातल्या आजोबांना स्मरणशक्तीसाठी म्हणून गोड कॉफीचे कप वाढवून देणं मला पटत नाही.

आधीपासून पीत असतील आणि सोसत असेल, तर सकाळची कॉफी तोडायचं कारण नाही. निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन चालतं, असं युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये सांगितलं. पण २०१३ च्या एका प्रयोगात तेवढंच कॅफीन झोपण्याच्या सहा तास आधी दिलं, तरी झोप तासाभराहून जास्त घटली. दिवसभरातल्या आठवणी पक्क्या होतात त्या गाढ झोपेत. संध्याकाळी पाचनंतरचा कप तेवढा बंद करावा.